स्वयंपाकघराला दार ठेवा

मा. संपादक,

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास होतो आहे. बैठकीत बिल्डरने नव्या घरांचे नकाशे दाखवले. त्यात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंतच नाही. "ओपन किचन आहे काकू, घर मोठं दिसतं," असं मला सांगण्यात आलं.

अशा घरात मी राहिलेली आहे. लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने तिच्याकडे होते. हॉलमधला पंखा लावला की गॅसची ज्योत फडफडायची, म्हणून पोळ्या होईपर्यंत सगळे घामाघूम. जावयांची मीटिंग सुरू असली की मिक्सर बंद आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करायला माझी धावाधाव. मिरचीची फोडणी दिली तेव्हा तर वीस दिवसांच्या बाळाला घेऊन कुठे जावं, तेच कळेना. चिमणी होती, पण तिच्या आवाजात शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे.

घर मोठं 'दिसतं', पण वाढतं किती? दहा फूट लांबीची चार इंची भिंत काढली तर साडेतीन चौरस फूटसुद्धा मोकळे होत नाहीत. शिवाय घर घेणाऱ्यांच्या हितासाठी केलेल्या २०१६च्या रेरा कायद्यानुसार आतल्या भिंतींखालची जागा चटई क्षेत्रातच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेतच (कार्पेट एरिया) धरतात. म्हणजे भिंत काढल्याने कागदावरचं घर एक फूटही वाढत नाही. विटा, गिलावा आणि दाराचा खर्च मात्र बिल्डरचा वाचतो.

ओपन किचनमध्ये स्वयंपाक करणारी बाई एकटी पडत नाही, असं त्याच्या बाजूने सांगतात; हे म्हणणं मला पटतं. माझी आजी वाड्यात माजघरामागच्या धुरकट, अंधाऱ्या खोलीत जन्मभर राबली. ते दिवस मला परत नकोत. पण म्हणून दिवसभर पाहुण्यांच्या नजरेसमोर ओट्याशी उभं राहायचं? खरकटी भांडी, पसरलेली भाजी, कधी डोळ्यांत आलेलं पाणी, या सगळ्याला थोडा आडोसा लागतो. काचेचं सरकतं दार बसवलं तर उजेड येतो, बोलता येतं आणि हवं तेव्हा ते लावूनही घेता येतं.

पुनर्विकासात जाणाऱ्या सोसायट्यांमधल्या बायकांना माझी कळकळीची विनंती आहे: नकाशे मंजुरीला जाण्याआधीच बघा. गॅसची पाइप, वायरिंग आणि फरशी झाल्यावर नवी भिंत घालणं फार अवघड जातं. आमच्या इमारतीतल्या अकरा जणींनी सह्या करून दाराची मागणी समितीकडे दिली आहे. पुढची बैठक येत्या रविवारी आहे.

– एक गृहिणी, चिंचवड