फायबरग्लासच्या नावाखाली कार्बन-मिश्रित फ्लाय रॉड विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘शंभर टक्के फायबरग्लास’ म्हणून विकलेल्या साडेसात फुटी, 5 नंबरच्या तीन फ्लाय रॉड संचांची पूर्ण रक्कम परत मिळणे आणि जाहिरातीतील मजकूर दुरुस्त करणे याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून आम्ही मुंबईतल्या तिघांनी एकाच ऑर्डरमध्ये फ्लाय फिशिंगचे, म्हणजे पिसा-दोऱ्यांचे हलके खोटे आमिष (फ्लाय) लाईनच्या वजनाने फेकून मासे गरवण्याचे, तीन संच घेतले, प्रत्येकी ₹13,499. प्रत्येक संचात चार तुकड्यांचा रॉड, रील, ‘डब्ल्यूएफ-5-एफ’ (पुढे जड, 5 नंबर वजनाची, तरंगती) अशी खूण असलेली लाईन आणि रॉड ठेवायची नळी आहे. त्यातला एक रॉड बटाच्या, म्हणजे हँडलकडच्या तुकड्याच्या, सांध्यापाशी फुटला. त्यावर आपल्या ग्राहक सेवेचे उत्तर आले की रॉड उभा धरून मासा ओढल्याने तो तुटला, वॉरंटी लागू नाही, हवा असल्यास तुटलेल्याच्या जागी नवा तुकडा निम्म्या किमतीत मिळेल. सोबत दोन सल्लेही होते : ‘एक नंबर वरची लाईन लावा’ आणि ‘कास्ट करताना (लाईन फेकताना) जोर वाढवा’.

आम्हाला तुकडा नको आहे. फुटलेल्या टोकातून जे दिसले त्यावरून हा रॉड आपण म्हणता तसा फायबरग्लासचा नाही, आणि आमची तक्रार त्याची आहे. बाकीच्या तक्रारी त्यातूनच निघतात.

आधी टोक कसे फुटले ते पाहू. काचेच्या धाग्याचा ब्लँक (रॉडची मूळ नळी) तुटतो तेव्हा तो सहसा एका झटक्यात वेगळा होत नाही. वाकलेल्या जागी पांढरा पडतो, मग पिंजतो, आणि पांढऱ्या धाग्यांच्या आधाराने लोंबत राहतो. आपला रॉड सुईसारख्या काळ्या टोकदार सळ्या सोडून सरळ तुटला. मधाच्या रंगाचा थर पॉलिश पेपरने काढून भिंगातून पाहिले तर बाहेर पातळ, पिवळट, अर्धपारदर्शक असा एकच थर आहे आणि त्याच्या आत सगळी भिंत काळी आहे. नळीत मोबाइलचा टॉर्च धरला तर उजेड बाहेर येत नाही.

काळा रंग पाहूनच निष्कर्ष काढला असे आपण म्हणू नये म्हणून सांगतो. रेझिनमध्ये काळे रंगद्रव्य घालून केलेले अस्सल काचेचे रॉडही मिळतात, त्यामुळे रंग हा पुरावा होत नाही. वीज वाहते की नाही, हा पुरावा होतो. काच विद्युतरोधक आहे, कार्बन फायबर वीज वाहते. मल्टीमीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोके फुटलेल्या कडेवरच्या उघड्या धाग्यांवर दोन सेंटिमीटर अंतराने दाबली, तर रीडिंग काही दशक ओहम येते. त्याच मीटरने एका जुन्या काचेच्या रॉडच्या तुटक्या टोकावर ‘ओएल’ येते, म्हणजे वहन नाही. तिसरी खूण आगीची. एक कुसळ चिमट्यात धरून मेणबत्तीवर धरला की रेझिन जळते. काच असेल तर पांढरे धागे उरतात, इथे काळे उरले. (आपल्या तंत्रज्ञांनी हे करून पाहावे, पण हातमोजे घालून. ही कुसळे कातडीत शिरली की काढणे अवघड.) उरलेल्या दोन रॉडच्या बटाच्या तुकड्यांचे आतले तोंड खरवडून मीटर लावला, तिथेही वहन आहे. म्हणजे एक नग खराब निघाला असेही नाही.

काच आणि कार्बन मिसळून केलेला रॉड वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. मिश्र रॉड चांगलेही निघतात. पण ते मिश्र म्हणून विकावेत.

यावर ‘फरक काय पडतो’ असे कोणी म्हणेल. फरक रॉड निवडण्याच्या मुळाशीच आहे. साध्या ई-ग्लासचा (नेहमीच्या काचेच्या धाग्याचा) ताठपणा सुमारे 72 गिगापास्कल, जास्त मजबूत एस-ग्लासचा सुमारे 86, तर साध्या कार्बनचा 230च्या आसपास. म्हणून काचेचा रॉड हँडलपर्यंत खोल वाकतो, सावकाश सरळ होतो आणि टिपेबाहेर जेमतेम पाच-सहा मीटर लाईन असली तरी भरतो, म्हणजे तिच्या वजनाने वाकून जोर साठवतो. पवईसारख्या तलावाच्या काठावर, जिथे मागे झाडी आणि पुढे पाणवनस्पती, तिथे लांब कास्ट मारायला जागाच नसते. लागतो तो आखूड कास्ट आणि रोल कास्ट (लाईन मागे न फेकता पुढे गुंडाळत टाकणे). साडेसात फुटी काचेचा 5 नंबर यासाठीच घेतात. 10 किंवा 12 नंबरच्या गळावर बांधलेली छोटी निंफ (पाण्यातल्या किड्यासारखी फ्लाय), 4एक्स म्हणजे 0.18 मिलिमीटर किंवा 5एक्स म्हणजे 0.15 मिलिमीटरचा टिपेट (फ्लायला बांधायचा शेवटचा बारीक दोरा) आणि समोर तिलापिया. मासा झटका देतो तेव्हा खोल वाकणारा रॉड तो झटका पचवतो आणि टिपेट वाचतो. ताठ रॉड तो सरळ टिपेटवर टाकतो. आपल्या रॉडवर 5एक्स गाठीपाशी तुटतो, त्याचे कारण गाठ नाही.

आता लाईन. फ्लाय लाईनचा नंबर हा मोजून ठरवायचा आकडा आहे. टोकाचा सपाट बारीक भाग सोडून पुढच्या 30 फुटांचे, म्हणजे 9.14 मीटरचे वजन 5 नंबरसाठी 140 ग्रेन, म्हणजे 9.07 ग्रॅम असावे. 134 ते 146 ग्रेनपर्यंतची सूट या ठरलेल्या मापातच धरलेली आहे. सोन्याच्या काट्यावर, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या, तेवढ्या लाईनचे वेटोळे ठेवले आणि उरलेली लाईन ओढ येऊ नये म्हणून काट्याच्याच पातळीवर टेबलावर ठेवली. आपल्या तीन लाईनींची वजने 11.8, 11.9 आणि 12.1 ग्रॅम आली. 185 ग्रेन म्हणजे 11.99 ग्रॅम हे 7 नंबरचे वजन आहे. म्हणजे 5 छापलेल्या तिन्ही लाईनी प्रत्यक्षात 7 नंबरच्या.

हल्लीच्या अनेक कंपन्या वेट-फॉरवर्ड (पुढचा भाग जड असलेली) लाईन अर्धा नंबर जड बनवतात, काही एक नंबरही, आणि तसे खोक्यावर लिहितात. पूर्ण दोन नंबर जड, आणि तेही न लिहिता, हे मात्र त्यात बसत नाही. यातून एकच अर्थ निघतो. रॉडचा ताठपणा 7 नंबरचा आहे, 5 नंबरच्या लाईनने तो भरत नाही, म्हणून संचात जड लाईन घालून वर 5 लिहिले. खरी 5 नंबरची डबल टेपर (दोन्ही टोकांना निमुळती) लाईन लावली की हे लगेच उघड होते : टिपेकडचा तुकडा हलतो, खालचे तीन तसेच ताठ. आणि आता त्यावर आणखी एक नंबर वरची लाईन लावायला सांगणे, म्हणजे 8 नंबरची, 210 ग्रेन! तीही तिलापियासाठी.

‘जोर वाढवा’ हा सल्ला तर काचेच्या रॉडबद्दल कोणी देऊच नये. अस्सल काचेच्या रॉडवर जोर वाढवला की टिप सरळ रेषेखाली घसरते, लूप (हवेतल्या लाईनचा वळसा) स्वतःलाच कापतो आणि लीडरमध्ये (लाईन आणि फ्लाय यांमधल्या दोऱ्यात) गाठी पडतात. तिथे हात मोठा फिरवायचा, मागच्या कास्टनंतर लाईन पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचे आणि मग हळूहळू वेग वाढवत पुढे आणून एकदम थांबायचे. हा सल्ला कार्बनच्या ताठ रॉडसाठी लिहून ठेवलेला दिसतो. निदान आपल्या ग्राहक सेवेला रॉड कशाचा आहे हे बरोबर माहीत आहे.

लाईनचीच आणखी एक गोष्ट. हिचे आवरण थंड पाण्याचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईच्या उन्हात ती मऊ पडते, चिकटते आणि रॉडवरच्या कड्यांतून सरकत नाही. इथे विकायची तर उष्ण हवेसाठीचा ताठ गाभा आणि कडक आवरण असलेली लाईन द्यायला हवी होती.

तुटण्याच्या कारणाबद्दल. उभा धरून ओढल्याने तुटणारा रॉड टिपेकडच्या भागात तुटतो, कारण सगळा वाक तिथे गोळा होतो. आमचा तुटला तो हँडलवरच्या पहिल्याच सांध्यात. वरच्या तुकड्याचे, म्हणजे मादीचे (ज्यात खालचा तुकडा, नर, शिरतो), तोंड आधी लांबीच्या दिशेने चिरले आणि मग चिरेच्या शेवटी तुकडा तुटला. कारण उघड आहे. वाकताना नळी लंबवर्तुळ होऊ पाहते आणि तोंडावर सगळ्यात जास्त ताण येतो, म्हणून तिथे कडेपर्यंत दोऱ्याचे घट्ट वेढे आणि वर इपॉक्सी लागते. आपल्या तिन्ही रॉडवर वेढे कडेपासून चार-पाच मिलिमीटर मागे सुरू होतात, शोभेला असावेत तसे. शिवाय नर-मादी घट्ट बसत नाहीत. पाच-दहा कास्टनंतर तुकडा फिरतो आणि कड्या एका रेषेत राहत नाहीत. मेण चोळून सैलपणा थोडा कमी होतो, चीर थांबत नाही.

संकेतस्थळावर याच रॉडबद्दल दोन दावे आहेत, ते काढावेत. पहिला, हा 5 नंबर ‘खाडीतल्या जिताड्यासाठीही उत्तम’ आहे. जिताड्यासाठी 2/0 गळावर डंबेल डोळ्यांची जड फ्लाय लागते. ती 5 नंबरच्या लाईनने नीट वाहून नेता येत नाही. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात ती मागून येऊन पाठीत बसते. त्या कामाला 8 नंबर लागतो, आणि लाकडी रील सीटऐवजी (रील बसवायच्या जागेऐवजी) अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचा. आपल्या लाकडी सीटचे स्क्रू तर गोड्या पाण्यातच गंजले.

दुसरा दावा धोक्याचा आहे. ‘काचेचा असल्याने विजेपासून सुरक्षित’ असे आपण लिहिले आहे. ओला, खारट काचेचा रॉडही उच्चदाबाच्या तारांखाली किंवा वळवाच्या विजांत भरवशाचा नसतो, मग हा तर मीटरवर वीज वाहताना दिसतो. हे वाक्य वाचून कोणी तारांखाली रॉड फिरवला तर काय होईल हे सांगायला नको. बाकी काहीही करायला वेळ लागला तरी हे वाक्य आजच काढा. त्याच्याशेजारी पवई तलावात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून गरवणाऱ्याचा फोटो आहे, तोही काढलात तर बरे. पवईत मगरी आहेत.

नळीवर आयातदाराचे नाव-पत्ता नाही, उत्पादनाचा देश नाही, महिना-वर्षही नाही. वेष्टित वस्तूंच्या 2011च्या नियमांनुसार हे छापणे बंधनकारक आहे.

आमच्या मागण्या अशा. तिन्ही संचांचे ₹40,497 मूळ खात्यात परत करावेत. बदली संच नको, कारण तोही याच घडणीचा येईल. माल आमच्या पत्त्यावरून आपल्या खर्चाने उचलावा. फुटलेला तुकडा आणि एक लाईन मात्र रक्कम जमा होईपर्यंत पुरावा म्हणून आमच्याकडे राहील. तपासायला माणूस पाठवलात तर मीटर आणि काटा समोर ठेवून दाखवू. ब्लँकमध्ये काच किती आणि कार्बन किती, याचे उत्पादकाचे लेखी उत्तर द्यावे आणि तेच संकेतस्थळावर लिहावे. ज्यांनी हे संच आधी घेतले आहेत त्यांनाही लाईनचा खरा नंबर कळवावा. बिचारे स्वतःच्या कास्टिंगला दोष देत बसले असतील.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, नोंद करून ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली मुंबईच्या जिल्हा आयोगाकडे जाऊ. ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे आपले कार्यालय दुसऱ्या राज्यात असल्याने आमचे काही अडत नाही.

सोबत : बिलाची प्रत, ग्राहक सेवेचे उत्तर, फुटलेल्या टोकाचे व मल्टीमीटरच्या रीडिंगचे फोटो, तिन्ही लाईनींच्या वजनाचे फोटो, संकेतस्थळावरील दोन्ही दाव्यांचे स्क्रीनशॉट.

आपले,
ऑर्डरवर नावे असलेले तिघे ग्राहक
मुंबई