फुतेन्माचे घोडे पेंड कुठे खाते?

महोदय,

जपानच्या ओकिनावा बेटावर भर वस्तीत असलेल्या अमेरिकी फुतेन्मा हवाई तळाचा विषय निघाला की ‘जपान-अमेरिका मतभेद’ असे सरसकट म्हटले जाते. मुळात तळ बंद करायचा, यावर दोघांचे १९९६ पासून एकमत आहे! १९९५ मध्ये तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला, बेट पेटून उठले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पंतप्रधान हाशिमोतो व अमेरिकी राजदूत मॉन्डेल यांनी पाच ते सात वर्षांत जमीन परत करण्याची घोषणा केली. अट एकच : आधी दुसरी सोय हवी.

सगळे अडले ते या अटीपाशी. दुसरी सोय म्हणजे हेनोको, ओकिनावातच किनाऱ्यालगत समुद्रात भराव घालून बांधायचा नवा तळ. तिथली धावपट्टी कशी असावी, यावर वर्षानुवर्षे खल झाला. २००५ मध्ये आराखडा ‘एल’ आकाराचा, २००६ मध्ये ‘व्ही’, म्हणजे विमाने वस्तीवरून जायला नकोत. (हे कारण रास्तच होते.) तळ ओकिनावाबाहेर नेण्याचे आश्वासन देणारे पंतप्रधान हातोयामा २०१० मध्ये पायउतार झाले आणि तज्ज्ञ पुन्हा ‘व्ही’ की ‘आय’ हे तपासायला बसले. लग्न राहिले बाजूला, मानपानच संपेना. दरम्यान २००४ मध्ये फुतेन्माला लागून असलेल्या विद्यापीठाच्या आवारात लष्करी हेलिकॉप्टर कोसळले होते. ज्या वस्तीसाठी हा तळ हलवायचा, ती तिथेच होती.

आता तर हेनोकोजवळच्या ओउरा उपसागराचा समुद्रतळच भुसभुशीत निघाला आहे. तिथे ७० हजारांहून अधिक खांब ठोकायचे आहेत. २०१९ च्या ओकिनावातल्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्क्यांनी भराव नाकारला. ओकिनावाचे राज्यपाल तामाकी यांनी बदललेल्या आराखड्याला मंजुरी दिली नाही, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या वतीने ती स्वतःच देऊन टाकली.

अटी सोडवता येत नाहीत, असेही नाही. ओकिनावातल्या अमेरिकी मरीन सैनिकांना ग्वाम या अमेरिकी बेटावर हलवणेही हेनोकोच्याच खुंटीला बांधले होते. २०१२ मध्ये दोन्ही सरकारांनी ती गाठ सोडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पहिली तुकडी ग्वामला निघाली. मग फुतेन्मा बंद करण्याची गाठ का सुटू नये? टोकियोकडून उत्तर ठरलेले असते : ‘हेनोको हाच एकमेव मार्ग.’

– एक वाचक