जादा तास अवघड विषयांसाठी घ्या

संपादक महोदय,

‘कच्च्या विद्यार्थ्यांसाठी जादा तास’ अशी सूचना लागली की वर्ग ओस पडणारच. तो शिक्का कपाळावर घेऊन कोण येईल? १९७३ मध्ये अमेरिकेतील मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठात डिआना मार्टिन यांनी मुलांऐवजी विषय निवडले: ज्यांत ३० टक्के किंवा त्याहून अधिक विद्यार्थी काठावर राहतात, नापास होतात किंवा विषयच सोडतात. तो विषय उत्तम गुणांनी पार केलेला विद्यार्थी पुन्हा त्याच व्याख्यानांना बसतो, टिपणे काढतो आणि दर आठवड्याला सत्रे घेतो. यायचे की नाही हे ऐच्छिक, दार मात्र सर्वांना उघडे.

योजना फसते ती हा विद्यार्थी स्वतःच शिकवू लागला की. फळ्यावर उत्तर, खाली माना घालून उतरवून घेणे, संपले. त्याऐवजी पहिली पाच मिनिटे वह्या मिटून मागच्या व्याख्यानातले आठवेल ते लिहायला लावावे, शेजाऱ्याशी ताडून पाहू द्यावे, मगच वही उघडावी. गणित अडले तर खडू विचारणाऱ्याच्याच हाती द्यावा आणि ‘पहिली पायरी कोणती?’ एवढेच विचारावे. उघड्या वहीतले सगळे ओळखीचे वाटते, म्हणून ते येते असा भास होतो. परीक्षेत ते कोऱ्या कागदावर आठवावे लागते.

सत्रे पहिल्याच आठवड्यात सुरू व्हावीत. पहिल्या चाचणीनंतर आलेला विद्यार्थी तुंबलेला अभ्यास उपसण्यातच अडकतो. आणि सत्र घेणाऱ्याला मानधन द्यावेच.

– एक अध्यापक