अमली पदार्थ व शस्त्रांच्या खटल्यांत बचाव पहिल्या दिवसापासून मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्नाटकातील खानापूर, निपाणी, चिकोडी व बेळगाव तालुक्यांतील गांजा आणि गावठी पिस्तुलांच्या जप्तीच्या बातम्या आरोपीचे नाव, मालाचे वजन, त्याची किंमत आणि पथकाचे अभिनंदन एवढ्यावर संपतात. त्यानंतर घरच्यांनी कोणाकडे जायचे, हे कोठेच छापून येत नाही. न्यायालयात कारकुनी केल्यामुळे ती बाजू मी जवळून पाहिली आहे, म्हणून हे पत्र.

रिमांडसाठी, म्हणजे कोठडीचा आदेश घेण्यासाठी, मुलाला न्यायालयात हजर करतात तेव्हा व्हरांड्यात उभ्या असलेल्या आईच्या हातात पुष्कळदा घडी घातलेला एक कागद असतो आणि तो कन्नडमध्ये असल्याने तिला वाचता येत नाही. मग ती जाणाऱ्या-येणाऱ्या काळ्या कोटाला "कलम कुठलं लावलंय, बघा की जरा" म्हणून विनवत राहते. राज्याचा कारभार कन्नडमध्ये चालतो, त्यात गैर काही नाही आणि सीमाप्रश्न मला येथे उकरून काढायचा नाही. परंतु अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत आणि ती रिमांडच्या किमान दोन तास आधी त्याच्या हाती पडली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात सांगितले आहे. स्थानबद्धतेच्या, म्हणजे खटल्याविना प्रतिबंधक कोठडीच्या, बाबतीत भाषेचे हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९६२ सालीच मान्य केले होते.

अमली पदार्थ कायदा (एनडीपीएस) आणि शस्त्र कायदा या दोन्हींत पहिल्या दिवसाच्या कागदांना फार मोल आहे. आधी अमली पदार्थ कायद्याचे पाहू. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. त्याहून अधिक असेल तर दहा वर्षांपर्यंत. आणि वीस किलोच्या वर गेला की किमान दहा वर्षे, शिवाय कलम ३७ मुळे जामीनही अत्यंत अवघड. आता कायद्यातील गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांपासून वेगळे झालेले बी व पाने त्यात येत नाहीत. उसाच्या फडातून मुळासकट उपटलेली ओली झाडे एकगठ्ठा काट्यावर चढवली, तर पंचनाम्यातला आकडा कशाचा, हा प्रश्न वकिलाने तेव्हाच विचारायला हवा. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याची मागणी करण्याचा हक्क कलम ५० ने दिला आहे. तो सांगितला होता आणि आरोपीने नाकारला, असे लिहिलेल्या कागदावर त्याची सही असते. पिशवीच्या झडतीला मात्र हे कलम लागू होत नाही, हेही ठाऊक असावे.

शस्त्र कायद्यात विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षे शिक्षा आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी बंदूक ठेवणारा आपल्या भागातील शेतकरीसुद्धा परवान्याचे नूतनीकरण राहून गेल्यास या कचाट्यात सापडू शकतो. अशा खटल्यास कलम ३९ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि शस्त्र जाणीवपूर्वक ताब्यात होते हे सरकार पक्षाला दाखवावे लागते.

कोठडीतील कोणत्याही व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करावा किंवा विधी सेवेच्या १५१०० या मदत क्रमांकावर फोन करावा, इतके सोपे असताना लोक मध्यस्थाच्या नादी लागून गळ्यातले मोडतात. फुकटचा वकील काय कामाचा, हा समज सर्वस्वी खोटा आहे असे मी म्हणणार नाही, पण पहिल्या रिमांडला कोणीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा. असल्यांना वकील तरी कशाला, असेही ऐकू येते. ढिसाळ पंचनाम्यातून महागडा वकील लावणारा व्यापारी सुटतो आणि मजुरीवर पोते वाहणारा अडकतो, याचा विचार असे म्हणणाऱ्यांनी करावा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने या हक्कांचे मराठी पत्रक प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि हिंडलगा कारागृहात ठेवावे आणि मराठी जाणणारे वकील कोणते, याची यादी तालुका समितीत लावावी. आपणही अशा प्रत्येक बातमीखाली १५१०० हा क्रमांक छापावा. शेवटची विनंती वकील संघटनांना आहे. येथील कित्येक कुटुंबांची जमीन आणि सोयरीक सीमेपलीकडे महाराष्ट्रातील चंदगड, गडहिंग्लज भागात आहे आणि स्थानिक जामीनदाराच्या अटीपायी त्यांचा सातबारा निरुपयोगी ठरतो. अशा अटीमुळे सुटका लांबत असेल तर ती घालू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सुचवले आहे. जामीन अर्जाच्या वेळी त्या आदेशाची प्रत न्यायालयापुढे अवश्य ठेवावी.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, खानापूर