मामीजींच्या रिपोर्टमधल्या गाठी

धंतोली, नागपूर

प्रिय वैशाली,

मामीजींच्या एमआरआयचे फोटो मिळाले, नीट वाचले. फोनवर तू रडत होतीस म्हणून तेव्हा जास्त बोलले नाही. शिवाय हे कागदावर असलेलं बरं, घरात सगळ्यांना वाचून दाखवता येईल.

आधी स्टेजचं. तपासून डॉक्टरांनी 'टू बी' सांगितलं आणि एमआरआयनंतर 'थ्री सी वन' झालं, म्हणून आजार झपाट्याने वाढला असं तुम्हाला वाटतंय. तसं झालेलं नाही गं. मामीजींना आहे त्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची स्टेज ठरवताना पूर्वी लसिका ग्रंथी, म्हणजे नोड्स, धरतच नसत. २०१८ मध्ये नियम बदलला. आता ओटीपोटातल्या नोडमध्ये आजार दिसला की थ्री सी वन, त्याच्या वर महाधमनीलगतच्या नोडमध्ये दिसला की थ्री सी टू. पुढे लावलेला 'आर' एवढंच सांगतो की हे स्कॅनवरून ठरवलंय, तुकडा तपासून नाही.

मला काळजी आहे ती वरच्या नोड्सची. एमआरआय फक्त ओटीपोटाचा झालाय. हा आजार बहुधा पायरीपायरीने चढतो, आधी ओटीपोटात, मग महाधमनीच्या कडेकडेने मूत्रपिंडांपर्यंत. रेडिएशन कुठून कुठपर्यंत द्यायचं ते आखणं हे माझं रोजचं काम. एरवी वरची हद्द कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी येते. वर एखादा जरी नोड बाधित निघाला तरी ती मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत न्यावी लागते आणि त्या नोडला जादा डोस द्यावा लागतो. पाहिलंच नाही, तर तो हद्दीबाहेर राहतो. खालचं सगळं बरं होतं आणि आजार वरून परत येतो. अशा बायका मी पाहिल्यात, म्हणून पेट सीटीचा, म्हणजे जवळजवळ सगळ्या अंगाच्या स्कॅनचा, एवढा आग्रह धरतेय.

सीटी, एमआरआय मुख्यतः आकार बघतात; नोडची रुंदी १० मिलिमीटरच्या वर गेली की संशय. पण सहा मिलिमीटरच्या नोडमध्येही कॅन्सर असू शकतो आणि इन्फेक्शनने फुगलेला मोठा नोड निर्दोष असू शकतो. पेटमध्ये साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचतात. कॅन्सरच्या पेशी ते जास्त ओढून घेतात, म्हणून स्कॅनवर चमकतात. तरी बारीक ठिपके सुटतातच. फ्रान्समधल्या २०१३ च्या एका अभ्यासात पेटवर वरचा भाग स्वच्छ दिसलेल्या २३७ बायकांचे नोड दुर्बिणीने काढून तपासले, तर २९ जणींत आजार सापडला. उलट बाजूही आहे. आपल्याकडे टीबी घरोघरी, आणि टीबीचा नोडही तसाच चमकतो. म्हणून वर एखादाच संशयास्पद नोड दिसला तर शक्य तिथे सुईने नमुना घ्यायला सांगेन.

मामाजींनी विचारलंय, ऑपरेशन करून सगळे नोड आधी काढूनच का नाही टाकत? जर्मनीत हे तपासून झालंय. ऑपरेशनने आजाराची व्याप्ती जास्त नेमकी कळली, पण आजार परत न येण्याच्या बाबतीत एकूण ठोस फरक पडला नाही. मामीजींसाठी मी ते सुचवणार नाही. बाहेरून रेडिएशन, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आणि शेवटी आतून द्यायची ब्रॅकीथेरपी, हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपायला हवं. ते लांबलं की फायदा घटतो. त्यामुळे पेटची तारीख लवकर मिळत नसेल तर थांबायचं नाही, छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून रंगद्रव्य टोचून केलेला) करून उपचार सुरू करू. हा उपचार आम्ही बरं करण्याच्या हेतूनेच देतो, हे मामीजींना स्पष्ट सांग. त्यांच्यापासून काही लपवू नका.

येण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची रक्ततपासणी, करून घ्या. गाठीने मूत्रनलिका दाबली असेल तर ते वाढतं, मग कॉन्ट्रास्टचा आणि सिस्प्लॅटिनचाही वेगळा विचार करावा लागतो. पेटच्या आधी सहा तास पोट रिकामं हवं, साधं पाणी चालेल. शुगरच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते स्कॅन सेंटरवाल्यांना आधीच विचार. एमआरआयची सीडी आण, नुसता कागद नको, आणि जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार सोबत ठेव. उमरेडहून सकाळच्या एसटीने निघा, गणेशपेठ स्टँडवर मी घ्यायला येते. उपचार संपेपर्यंत मामीजी आमच्याकडेच राहतील. आईने खोली रिकामी करून ठेवलीय.

तुझी,
मंजू