पॉइंट्स हा विमानभाड्याचाच भाग आहे: नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

विमानभाड्याच्या नियमांचा विषय निघाला की चर्चा कमाल भाड्याच्या मर्यादेपाशीच अडकते. तशी मर्यादा घाला, असे सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. विमान उडाले की रिकामी राहिलेली सीट कायमची वाया जाते. म्हणून लवकर बुकिंग करणाऱ्याला स्वस्त आणि ऐनवेळी येणाऱ्याला महाग, ही पद्धत मला पटते. माझे म्हणणे भाड्याच्या एका वेगळ्या भागाबद्दल आहे. कामानिमित्त सतत विमानाने फिरणारी आम्ही माणसे तो भाग आज भरतो आणि त्याचा मोबदला पुढे कधीतरी मिळेल, या भरवशावर राहतो. फ्रिक्वेंट फ्लायर योजनेतल्या, म्हणजे एकाच कंपनीने वारंवार प्रवास केल्यावर जमा होणाऱ्या आणि पुढे तिकिटासाठी वापरता येणाऱ्या पॉइंट्सबद्दल मी बोलत आहे.

1978 मध्ये अमेरिकेने विमानभाडी ठरवण्याचे काम सरकारकडून काढून कंपन्यांवर सोपवले. स्पर्धा वाढली, भाडी सतत हलू लागली, आणि नेहमीचा प्रवासी टिकवायचा कसा हा प्रश्न उभा राहिला. त्यातून 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ॲडव्हांटेज योजना आणली आणि इतर मोठ्या कंपन्यांनी लगोलग तिची वाट धरली. तो व्यवहार कोणालाही कळेल इतका सरळ होता. जितके मैल उडाल तितके माइल्स, म्हणजेच पॉइंट्स, जमा, आणि कोणत्या प्रवासाला किती माइल्स लागतील याचा छापील तक्ता. प्रवासी त्या तक्त्याकडे बघून ठरवत असे की दुसऱ्या कंपनीचे तिकीट थोडे स्वस्त असले तरी आपण इथेच राहायचे.

तो तक्ता आता अनेक ठिकाणी उरलेला नाही. 2015 मध्ये डेल्टा आणि युनायटेड या अमेरिकी कंपन्यांनी, 2016 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने अंतराऐवजी खर्च केलेल्या रकमेवर माइल्स द्यायला सुरुवात केली. त्यात मला फारसे गैर वाटत नाही. जास्त पैसे देणाऱ्याला जास्त परतावा, हे समजण्यासारखे आहे. गैर आहे ते पॉइंट्स वापरण्याच्या बाजूला झालेले. पॉइंट्सवर मिळणाऱ्या तिकिटाचा दरही आता रोज, कधी तासागणिक बदलतो. काल पुरेसे असलेले पॉइंट्स आज अपुरे पडतात आणि त्यामागचे कारण कोणी सांगत नाही. हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. ग्राहक सेवेकडून मिळालेले उत्तर एका वाक्याचे होते: योजनेच्या अटींनुसार कंपनी कधीही बदल करू शकते.

तिकीट घेतानाही हीच अडचण. एकाच केबिनमध्ये शेजारी बसलेल्या दोघांची तिकिटे वाय, एम, क्यू अशा वेगवेगळ्या अक्षरांच्या भाडेवर्गांत असतात. तिकीट बदलता येईल का, रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील हे त्या भाडेवर्गाच्या नियमांवर ठरते, आणि अनेक योजनांत पॉइंट्स किती मिळतील हेही. काही स्वस्त वर्गांत तर काहीच जमा होत नाही. प्रवाशाला हे बहुधा प्रवास झाल्यावर, खाते उघडल्यावर कळते. आणि ‘मोफत’ तिकिटावर कंपनी स्वतःच लावते तो अधिभार? तो सरकारी कर नव्हे. नाव बदललेले भाडेच आहे ते.

कंपन्या म्हणतात की पॉइंट्स ही आमची भेट आहे, प्रवाशाची मालमत्ता नव्हे. मग 2020 मध्ये काय झाले ते पाहा. महामारीत विमाने जमिनीवर असताना युनायटेडने आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवून 680 कोटी डॉलर उभे केले. डेल्टाने स्कायमाइल्सच्या बळावर 900 कोटी, तर पुढच्या वर्षी अमेरिकनने ॲडव्हांटेजच्या जोरावर 1,000 कोटी डॉलर उभे केले. सावकारासमोर जी योजना अब्जावधींची मालमत्ता ठरते, ती प्रवाशासमोर येताच मेहेरबानी कशी होते? तिचे मोल आमच्या परत परत येण्यावर, आमच्या निष्ठेवरच तर उभे आहे.

एक न्यायनिर्णय आपल्या खात्याने जरूर वाचावा. योजनेतून काढून टाकलेल्या एका प्रवाशाचा दावा 2014 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आला. तो फेटाळताना न्यायालय म्हणाले की पॉइंट्स देऊन तिकीट किंवा अपग्रेड (वरच्या वर्गातली सीट) मिळते, म्हणून ही योजना थेट विमानदराशी जोडलेली आहे, आणि दरांबाबत राज्यांच्या कायद्याखाली असा दावा चालणार नाही. प्रवासी हरला. पण पॉइंट्स हा दराचाच भाग असल्याचे त्यातून स्पष्ट झाले, आणि अन्याय्य प्रथांना आळा घालण्याचा अधिकार अमेरिकेच्या वाहतूक खात्याकडे आहे, हेही न्यायालयाने नोंदवले. सप्टेंबर 2024 मध्ये त्या खात्याने चार मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या योजनांची सविस्तर माहिती मागवली.

युरोपीय संघाच्या 2008 च्या नियमानुसार कर आणि अटळ शुल्कांसह अंतिम भाडे सुरुवातीपासूनच दाखवावे लागते. अमेरिकेत 2012 पासून जाहिरातीतही पूर्ण भाडे सांगावे लागते. हेच तत्त्व पॉइंट्सना लावा, एवढीच माझी मागणी आहे. पैसे भरण्यापूर्वी, त्याच पडद्यावर, भाडेवर्ग, रद्द केल्यास परत मिळणारी रक्कम आणि जमा होणारे पॉइंट्स दिसलेच पाहिजेत. कंपनीचा स्वतःचा अधिभार भाड्यातच धरला जावा आणि तिकीट रद्द झाल्यास भाड्याबरोबर परत मिळावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नियम बदलायचे असतील तर ते पुढच्या कमाईसाठी बदला. आधी जमा झालेले पॉइंट्स जुन्या दराने वापरायला किमान 1 वर्षाची मुदत द्यावी, आणि जिथे तक्ता उरलेला नाही तिथे निदान प्रत्येक मार्गासाठी पॉइंट्सची कमाल मर्यादा जाहीर करावी. कंपन्या म्हणतील की यामुळे योजना महाग होतील. होऊ देत. थोडे पॉइंट्स मिळाले तरी चालतील, पण त्यांची किंमत आज कळली पाहिजे.

आपल्या खात्याने या मुद्द्यांवर नियमांचा मसुदा तयार करून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्यात, ही विनंती. मसुदा निघाला की माझी लेखी सूचना मी मुदतीत पाठवीन.

आपला विश्वासू,
एक नियमित विमानप्रवासी