क्नुड रासमुसेनबद्दल, तू विचारलंस म्हणून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जात्यावरच्या ओव्या गोळा करायला तू गावोगाव फिरू लागलास हे वाचून फार आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, ‘ज्याचं नाव तू सारखं घेतोस तो डेन्मार्कचा ध्रुवप्रवासी कोण?’ फोनवर पाच मिनिटांत सांगून टाकायचा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. शिवाय तू जे काम हाती घेतलं आहेस, त्यात हा माणूस तुला माहीत असायलाच हवा.

क्नुड रासमुसेन. जन्म ७ जून १८७९, ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर इलुलिसात गावी. वडील डॅनिश मिशनरी, आई ग्रीनलंडचीच, तिच्याकडून इनुइट, म्हणजे ध्रुवप्रदेशातल्या मूळ रहिवाशांचं, रक्त आलेलं. खेळगडी सगळे शिकाऱ्यांची मुलं. त्यामुळे तिथली भाषा आणि कुत्र्यांची घसरगाडी हाकणं ह्या दोन्ही गोष्टी तो लहानपणीच शिकला. पुढे शिक्षणासाठी डेन्मार्कला गेला, नट आणि गायक व्हायची धडपड केली, ती फसली. मग १९०२ साली मुलिउस-एरिकसेन ह्या लेखकाच्या मोहिमेबरोबर तो पुन्हा उत्तरेला गेला आणि तिथलाच झाला.

त्या मोहिमेत त्याचा बालमित्र यॉर्गन ब्रॉनलुंडही होता. १९०७ साली मुलिउस-एरिकसेनच्याच दुसऱ्या मोहिमेत ईशान्य ग्रीनलंडमध्ये तिघे जण उपासमारीने आणि थंडीने गेले, त्यात ब्रॉनलुंड शेवटचा. प्रेताजवळ त्याची रोजनिशी सापडली. पाय गोठले, अंधार झाला, आता पुढे जाता येत नाही, एवढं त्याने शेवटी लिहून ठेवलं होतं. अमेरिकन प्रवासी पीअरीच्या नकाशात तिकडे एक खाडी दाखवली होती, ती प्रत्यक्षात नव्हतीच. चुकीच्या नकाशामुळे ह्या लोकांचा प्रवास लांबला होता. १९१२ साली रासमुसेन आणि त्याचा डॅनिश साथीदार पीटर फ्रॉयखेन दोन इनुइट शिकाऱ्यांना घेऊन ग्रीनलंडच्या अंतर्भागातलं बर्फ ओलांडून तिकडे गेले आणि खाडी नाही हे त्यांनी स्वतः पाहिलं.

पैसा कुठून यायचा, हे तू नक्की विचारशील. १९१० साली रासमुसेन आणि फ्रॉयखेन ह्या दोघांनी वायव्य ग्रीनलंडमध्ये थुले नावाचं व्यापारी ठाणं काढलं. शिकारी कोल्ह्यांची कातडी आणायचे, बदल्यात बंदुका, सुऱ्या, सुया घेऊन जायचे. त्या नफ्यावर ‘थुले मोहिमा’ निघाल्या, एकूण सात.

त्यातली पाचवी सगळ्यांत मोठी, १९२१ ते १९२४. हडसन उपसागराच्या उत्तरेला एका बेटावर तळ. सोबतचे शास्त्रज्ञ उत्खनन करत होते, नकाशे काढत होते. हा मात्र लोकांच्या बर्फघरात जाऊन बसायचा, त्यांच्यासारखं खायचा, ऐकायचा. ग्रीनलंडपासून इतक्या दूर असूनही तिथल्या लोकांना त्याचं बोलणं कळत होतं.

तिथे आउआ नावाचा एक वृद्ध शामान, म्हणजे आत्म्यांशी बोलणारा मांत्रिक, होता. निषिद्ध काय, विधी कोणते, हे तो तासन्‌तास सांगायचा. रासमुसेन दर वेळी विचारायचा, पण असं का? एके संध्याकाळी आउआ त्याला बाहेर घेऊन गेला. बर्फाचं वादळ चाललं होतं, दिवसभर वाट बघून शिकारी रिकाम्या हाताने परतत होते. आउआने विचारलं, हे वादळ का? मग एका घरात नेलं. दिव्याला चरबी नाही, पोरं कातड्याखाली कुडकुडताहेत. हे का? शेवटी आपल्या आजारी बहिणीकडे नेलं, ती खोकून खोकून खंगलेली. तिने कोणाचं काय वाईट केलं होतं? रासमुसेनकडे उत्तर नव्हतं. आउआ म्हणाला, बघ, तुलाही कारण सांगता येत नाही. आम्ही विश्वास ठेवत नाही, आम्ही भितो. रासमुसेनने हे सगळं जसंच्या तसं लिहून ठेवलं, स्वतःची फजिती न लपवता. त्याच्या मोठेपणाचा एवढा एकच पुरावा मला पुरतो.

पुढे नेट्सिलिक ह्या दुसऱ्या इनुइट गटात ओर्पिंगालिक भेटला, शिकारी आणि कवी. तो आपल्या एका गाण्याला ‘माझा श्वास’ म्हणायचा. आपण किती गाणी रचली हे त्याला सांगता येत नव्हतं, एकांतातले ते सोबती होते. तुझ्या ओव्या सांगणाऱ्या आज्या हे ऐकून मान डोलावतील असं मला वाटतं.

मला खटकतं तेही लिहितो. त्याच लोकांकडून त्याने सुया, चाकू, तंबाखू देऊन ताईत जमवले. ताईत हातातून गेला तरी त्याची शक्ती मूळ मालकाकडेच राहते, असं त्याने त्यांना पटवलं. ते ताईत आज कोपनहेगनच्या संग्रहालयात आहेत. जपले गेले हे खरं, पण भुकेचं भय असलेल्या माणसाच्या अंगावरून ते उतरवून घेणं मला पटत नाही.

मार्च १९२३ मध्ये तो मुख्य प्रवासाला निघाला. बरोबर दोघंच, तरुण शिकारी कावीगार्सुआक आणि आर्नारुलुंगुआक नावाची स्त्री. तिचा नवरा मोहिमेच्या सुरुवातीलाच ग्रीनलंडमध्ये वारला होता, तरी ती मागे फिरली नाही. कातड्याचे कपडे, बूट, सगळी शिवण तिच्या हातची. एक शिवण उसवली तरी बोटं जातील अशी थंडी. तिचं नाव प्रत्येक नकाशावर असायला हवं होतं. तिघं अलास्कात नोमपर्यंत पोचले. वायव्य मार्ग, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणारी बर्फाळ वाट, कुत्र्यांच्या गाडीने पार करणारा हा पहिला शोधक. तिथून सायबेरियातल्या, इनुइटांच्या नात्यातल्या युपिक लोकांना भेटायला गेला, पण परवाना नाही म्हणून सोव्हिएत अधिकाऱ्यांनी लगेच परत पाठवलं.

१९३३ मध्ये पूर्व ग्रीनलंडमध्ये त्याला अन्नातून विषबाधा झाली, त्यावर न्यूमोनिया. २१ डिसेंबरला तो गेला, वय ५४.

पाचव्या मोहिमेच्या अहवालाचे दहा खंड इंग्रजीत आहेत. आउआच्या इग्लुलिक लोकांवरचा खंड माझ्याकडे आहे, पोस्टाने पाठवतो. आधी आउआचं प्रकरण वाच आणि मग लिही. ओव्या उतरवून घेताना तू सांगणारीचं नाव लिहून ठेवतोस ना, तेही कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच
मित्र